तुरुंगातल्या माणसाचा पत्ता कोणता?

आपल्या क्वीन्सटाउनमध्ये 'जालान पेंजारा' नावाचा एक रस्ता आहे. मलायमध्ये जालान म्हणजे रस्ता आणि पेंजारा म्हणजे तुरुंग. हा पेंजारा शब्द मूळ संस्कृत 'पञ्जर'वरून तिकडे गेलेला, म्हणजे आपल्या मराठी पिंजऱ्याचा सख्खा भाऊच. १९५३ साली इंग्लंडच्या राणीच्या राज्याभिषेकाचे निमित्त साधून या नव्या वसाहतीला क्वीन्सटाउन हे नाव मिळाले, आणि १९६६ मध्ये येथे रिमांड तुरुंग उभा राहिला. एका बाजूला नवी कुटुंबे घरांच्या किल्ल्या घेत होती आणि दुसऱ्या बाजूला भिंतीआड माणसे खटल्याच्या तारखा मोजत होती. २०१० च्या सुमारास तेथील कैदी चांगीला हलवले गेले आणि पुढे तुरुंगाची इमारतही पाडली गेली. रस्त्याचे नाव मात्र राहिले.

मंडळाच्या वार्तापत्रात तुरुंगाचा विषय कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे कारण सांगतो. भारतात जनगणना यायची आहे, १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतारीख ठरवलेली आहे, आणि आपल्यांपैकी अनेकांचे आईवडील, भाऊबहिणी तिकडे मोजले जाणार आहेत. अशा वेळी "माणूस मोजायचा कुठे?" हा प्रश्न घरोघरी निघतो. या प्रश्नाची सगळ्यांत अवघड बाजू तुरुंगातल्या माणसाच्या बाबतीत दिसते. तो एका गावचा, ठेवलेला दुसऱ्या गावात, आणि तेही त्याच्या मर्जीने नव्हे. मग त्याचे डोके कोणत्या गावच्या हिशोबात धरायचे? आणि त्या हिशोबावर जेव्हा मतदारसंघ आखले जातात, तेव्हा त्याच्या डोक्याचे वजन कोणाच्या पारड्यात पडते? या प्रश्नाचा इतिहास सिंगापूरपासून येरवड्यापर्यंत पसरलेला आहे. तो आम्ही जमेल तसा येथे मांडत आहोत.

सिंगापूरचे पहिले कैदी

सिंगापुरात आलेल्या पहिल्या भारतीयांमध्ये शिपाई होते, व्यापारी होते, धोबी-गवळी होते आणि कैदीही होते. १८२४ च्या करारात इंग्रजांनी सुमात्रा बेटावरचे बेंकूलन डचांना दिले, आणि तेथे ठेवलेले हिंदुस्थानी कैदी सिंगापूरला आणले. १८ एप्रिल १८२५ रोजी मद्रास इलाख्यातल्या ८० कैद्यांची पहिली तुकडी येथे उतरली. थोड्याच दिवसांत बंगालच्या कैद्यांची दुसरी तुकडी आली. पुढे मुंबई इलाख्यातूनही कैदी येत राहिले. समुद्रापलीकडे पाठवले की जात गेली, घर तुटले, म्हणून या शिक्षेला आपल्याकडे 'काळे पाणी' म्हणत. हा शब्द अंदमानला चिकटण्याच्या पुष्कळ आधीपासून पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर ही काळ्या पाण्याचीच ठिकाणे होती.

या लोकांनी येथे काय केले ते आपण रोज पाहतो, फक्त आपल्याला ते माहीत नसते. दलदली बुजवल्या, रस्ते काढले, दगड फोडले, विटा भाजल्या. सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल, जे १८६२ मध्ये पवित्र करण्यात आले, ते कैद्यांच्या श्रमातून उभे राहिले. १८६९ मध्ये पुरे झालेले गव्हर्नमेंट हाउस, म्हणजे आजचे राष्ट्रपतींचे इस्ताना, हेही त्यांचेच काम. येथील तुरुंगाची एक विशेष गोष्ट अशी की चांगल्या वागणुकीच्या कैद्यांनाच इतर कैद्यांवर पहारेकरी नेमत. तुरुंगाचा कारभार पाहिलेले मॅकनेअर यांनी १८९९ साली पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'कैदी हेच आपले पहारेकरी' अशा अर्थाचे आहे.

आता मोजणीकडे येऊ. १८२४ सालच्या गणतीत सिंगापूरची लोकसंख्या १०,६८३ भरली होती. त्या काळच्या काही शिरगणत्यांत फौजेची माणसे आणि कैदी बाजूला ठेवून बाकीच्या वस्तीची बेरीज देत. शहर ज्यांनी बांधले ते शहराच्या बेरजेत नसत. त्या वेळी निवडणुकाच नव्हत्या, त्यामुळे यातून कोणाचे प्रतिनिधित्व बुडाले असे म्हणता येणार नाही. परंतु कैदी हा 'येथला' धरायचा की नाही, हा प्रश्न तेव्हाच्या कारकुनालाही पडला होता, आणि त्याने त्याचे उत्तर 'नाही' असे दिले होते, एवढे यावरून दिसते.

येथल्या गोऱ्या व्यापाऱ्यांना तर हे कैदी नकोच होते. १८५७ मध्ये त्यांनी ब्रिटिश पार्लमेंटकडे जो अर्ज केला, त्यात कलकत्त्याचे सरकार आमच्या दारात आपले कैदी आणून टाकते ही एक तक्रार होती. १८६७ मध्ये ही वसाहत हिंदुस्थान सरकारकडून काढून थेट लंडनच्या वसाहत खात्याकडे दिली गेली. १८७३ मध्ये येथील हिंदुस्थानी कैद्यांचे ठाणे बंद झाले. ज्यांची शिक्षा उरली होती त्यांना अंदमानात पाठवले, आणि सुटलेल्यांपैकी कित्येक येथेच राहिले, संसार करून मिसळून गेले. त्या दिवसापासून ते मोजणीत आले.

एका रात्रीची खानेसुमारी

हिंदुस्थानात मात्र इंग्रजांनी वेगळा नियम धरला. १८८१ पासून सगळ्या देशाची खानेसुमारी एकाच रात्री करण्याची पद्धत पडली. त्या रात्री जो जेथे सापडेल तो तेथला. घरातला घरात, धर्मशाळेतला धर्मशाळेत, आगगाडीतला आगगाडीत आणि तुरुंगातला तुरुंगात. छावण्या, रेल्वे आणि तुरुंग यांच्यासाठी मोजणीची खास व्यवस्था असे. यात एक सोय होती: कोणी सुटत नसे आणि कोणी दोनदा मोजला जात नसे. 'तू मूळचा कुठला' हा प्रश्न विचारला जाई, पण गावाच्या बेरजेत माणूस पडायचा तो त्या रात्रीच्या मुक्कामावरूनच.

या नियमाने काही गमती झाल्या. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तेथेच तो वारला. म्हणजे १८९१, १९०१ आणि १९११ या तिन्ही खानेसुमाऱ्यांच्या वेळी तो रत्नागिरीत नजरकैदेत होता. मंडालेच्या सिंहासनावर बसलेला माणूस कोकणच्या लोकसंख्येत जमा! उलट बाजूने पाहिले तर सावरकर बंधू १९२१ च्या मे महिन्यात अंदमानातून हलवले गेले, आणि त्या वर्षीची खानेसुमारी झाली १८ मार्चला. नाशिक जिल्ह्यातल्या भगूरची ही माणसे तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये होती.

खरी मोठी गोष्ट १९३१ ची. त्या वर्षी मोजणीची रात्र होती २६ फेब्रुवारी. सविनय कायदेभंग चालू होता. गांधीजी महिन्याभरापूर्वीच, २६ जानेवारीला, येरवड्याहून सुटले होते. पण गांधी-आयर्विन करार झाला ५ मार्चला आणि सत्याग्रहींची सरसकट सुटका त्यानंतर झाली. म्हणजे मोजणीच्या रात्री महाराष्ट्रातले सत्याग्रही मोठ्या संख्येने येरवडा, नाशिक, ठाणे, विसापूर अशा तुरुंगांत होते. काँग्रेसने खानेसुमारीवर बहिष्काराची हाक दिली होती. घराच्या दारावर नंबर घालू न देणे, माहिती न सांगणे असे प्रकार ठिकठिकाणी झाले. घरी असलेला माणूस बहिष्कार घालू शकत होता. तुरुंगातल्याला ती मुभा नव्हती, कारण त्याची मोजदाद तुरुंगाच्या दप्तरात रोजच होत होती. असहकार पुकारलेली माणसे सरकारच्या आकड्यात बिनचूक बसली.

तुरुंगात झालेली जागावाटणी

त्यानंतर दीड वर्षाने जागांच्या वाटणीचा आपल्या इतिहासातला सर्वांत गाजलेला निर्णय झाला, तोही तुरुंगाच्या भिंतीआड. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य वर्गांना प्रांतिक कायदेमंडळांत स्वतंत्र मतदारसंघांतून ७१ जागा होत्या. येरवड्यात पुन्हा कैदेत असलेल्या गांधीजींनी त्याविरुद्ध २० सप्टेंबरला उपोषण सुरू केले, आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडले, आणि राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. त्यांत मद्रासच्या ३०, बंगालच्या ३०, मध्य प्रांत आणि संयुक्त प्रांताच्या प्रत्येकी २०, बिहार-ओरिसाच्या १८, सिंधसह मुंबईच्या १५, पंजाबच्या ८ आणि आसामच्या ७.

या कराराबद्दल आजही दोन मते आहेत आणि त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. आमच्या विषयापुरता मुद्दा हा की त्या चार दिवसांतला सगळा वाद शेवटी डोक्यांच्या हिशोबाशी जोडलेला होता. अस्पृश्य समाज संख्येने किती, कोणत्या प्रांतात किती, हा प्रश्न त्याच वर्षी मताधिकाराचा विचार करणाऱ्या लोथियन समितीपुढेही रंगला होता, आणि संख्या कमी दाखवण्याची खटपट अनेक जण करीत होते. कारण उघड होते. ज्याची संख्या कमी लागेल त्याच्या जागा कमी होणार. मोजणी हे नुसते कारकुनी काम नाही, हे आपल्या लोकांना तेव्हा पक्के समजले.

स्वातंत्र्यानंतरची दोन उत्तरे

स्वतंत्र भारतात या प्रश्नाला दोन कायद्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली आहेत, आणि गंमत म्हणजे ती दोन्ही एकाच वेळी लागू आहेत.

पहिले उत्तर मतदारयादीचे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० सांगते की, एखादा माणूस तुरुंगात किंवा अन्य कायदेशीर कोठडीत ठेवलेला आहे एवढ्यावरून तो त्या ठिकाणचा सामान्य रहिवासी ठरत नाही. म्हणजे सांगलीचा माणूस येरवड्यात पाच वर्षे राहिला तरी मतदारयादीच्या दृष्टीने तो त्या कारणाने पुण्याचा होत नाही.

दुसरे उत्तर जनगणनेचे. एका रात्रीची पद्धत १९४१ पासून सुटली, पण तुरुंगाचा नियम बदलला नाही. वसतिगृह, आश्रम, अनाथालय, तुरुंग अशा ठिकाणी एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्या लोकांना 'संस्थात्मक कुटुंब' म्हणतात आणि त्यांना त्या संस्थेतच मोजतात. तेव्हा तोच सांगलीचा माणूस जनगणनेत पुण्याचा होतो. आणि मतदारसंघ, प्रभाग, ग्रामपंचायतीचे वॉर्ड आखले जातात ते जनगणनेच्या आकड्यांवर, मतदारयादीवर नव्हे.

तिसरी गोष्ट म्हणजे त्याला मत टाकता येत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे तुरुंगात किंवा पोलिसांच्या कायदेशीर कोठडीत असलेल्या कोणालाही मतदान करता येत नाही. अपवाद फक्त प्रतिबंधक स्थानबद्धतेखाली असलेल्यांचा. त्यांना टपालाने मत पाठवता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अनुकूल चंद्र प्रधान यांच्या खटल्यात ही बंदी योग्य ठरवली. या बंदीत शिक्षा झालेला आणि न झालेला असा भेद नाही. २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांप्रमाणे भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे. चारांतले तीन!

जॉर्ज फर्नांडिस यांचे उदाहरण आमच्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. मुंबईच्या कामगारांचे हे पुढारी १९७७ मध्ये खटला चालू असताना तुरुंगातूनच बिहारमधल्या मुझफ्फरपूरहून उभे राहिले आणि प्रचंड मतांनी निवडून आले. कच्च्या कैद्याला लाखो लोकांची मते मिळू शकली; कायद्याप्रमाणे स्वतःचे एक मत मात्र त्याला टाकता येत नव्हते. पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ज्याला मत देता येत नाही त्याला उभेही राहता येणार नाही, असा निकाल दिला, तेव्हा संसदेने त्याच वर्षी कायदा बदलून कैद्याचा उभे राहण्याचा हक्क परत आणला. मत देण्याचा हक्क आणण्याची घाई कोणी केली नाही.

फरक किती पडतो?

आता हिशोब करून पाहू. महाराष्ट्र विधानसभेच्या जागा २८८. २००८ मध्ये अमलात आलेली मतदारसंघांची फेररचना २००१ च्या जनगणनेवर झाली, आणि तेव्हा राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांच्या वर होती. भागाकार केला तर एका जागेमागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे येतात. त्या भागाकाराचा फटका कसा बसतो हे कोकणातल्या आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा १६ लाख ९६ हजार, म्हणजे बरोबर पाच जागा. आधी सात होत्या. सिंधुदुर्गची ८ लाख ६८ हजार, म्हणजे तीन; आधी चार होत्या. तिकडे ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. कोकणचा चाकरमानी मुंबई-ठाण्यात मोजला गेला आणि त्याच्याबरोबर गावची आमदारकीही तिकडे गेली. गणपतीला गावी जाणारा, घरपट्टी गावी भरणारा, पण डोके मात्र डोंबिवलीच्या खात्यात!

तरीही चाकरमान्याच्या बाबतीत एक न्याय आहे. तो स्वतःच्या पायांनी गेला, जेथे मोजला गेला तेथेच त्याला मतदारयादीत नाव घालता येते, आणि तेथल्या नगरसेवकाला तो नळाच्या पाण्याबद्दल जाब विचारू शकतो. कैद्याच्या बाबतीत यांतले एकही खरे नाही. तो ज्या प्रभागात मोजला जातो तेथल्या नगरसेवकाला त्याच्याशी काही देणेघेणे नसते, कारण त्याचे मत त्या प्रभागात नाही आणि सुटल्यावर तो तेथे राहणारही नाही.

विधानसभेच्या ३ लाख ३६ हजारांत तुरुंगातली पाच हजार माणसे म्हणजे दीड टक्का. एवढ्याने आभाळ कोसळत नाही. पण खालच्या पातळीवर या. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर होती आणि महापालिकेचे प्रभाग २२७, म्हणजे एका प्रभागात सुमारे ५५ हजार. एखाद्या प्रभागात तीन हजार कैद्यांचा तुरुंग असला तर ते साडेपाच टक्के झाले. त्याहून खाली ग्रामपंचायत. तिचे सदस्य लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ असतात. लहान गावाच्या शिवारात तुरुंग असेल आणि कैदी गावच्या डोक्यांत धरले गेले, तर ज्या वॉर्डात तो पडेल त्या वॉर्डातल्या थोड्याशा मतदारांचे एकेक मत बाजूच्या वॉर्डातल्या दोन-तीन मतांइतके भारी होऊ शकते. त्यात राखीव जागाही लोकसंख्येच्या प्रमाणावर ठरतात. मोजणीचे ठिकाण चुकले तर तेथेही उलटसुलट होण्याची शक्यता राहते.

अमेरिकेतला धडा

हे काल्पनिक आहे असे वाटू नये म्हणून अमेरिकेतले उदाहरण देतो. तेथे १७९० पासून माणूस जेथे नेहमी राहतो व झोपतो तेथे त्याला मोजतात, आणि कैदी तुरुंगात झोपतो म्हणून तो तुरुंगाच्या गावचा. आयोवा राज्यात अनामोसा नावाचे लहान गाव आहे. तेथल्या एका प्रभागात सुमारे १,४०० लोक होते आणि त्यांतले १,३०० हून अधिक राज्याच्या तुरुंगातले कैदी. बाकी उरली मूठभर घरे. २००५ च्या निवडणुकीत त्या प्रभागातून कोणी उभेच राहिले नाही, आणि एक गृहस्थ मतपत्रिकेवर हाताने लिहिलेल्या दोन मतांवर नगरसेवक झाले. बाजूच्या प्रभागांत त्याच नगरसेवकपदासाठी शेकडो लोकांचा विश्वास मिळवावा लागत होता. पुढे गावाने ती प्रभागपद्धतच मोडीत काढली.

मोठ्या प्रमाणावर हीच गोष्ट न्यूयॉर्क राज्यात होती. कैदी बहुसंख्येने न्यूयॉर्क शहरातल्या गरीब वस्त्यांतले, आणि तुरुंग दूर उत्तरेकडच्या खेड्यांत. ज्या वस्तीतून माणसे उचलली गेली तिचे वजन कमी होत होते आणि ज्या खेड्यात तुरुंग बांधला त्याचे वाढत होते. मेरीलँड आणि न्यूयॉर्क या राज्यांनी २०१० मध्ये कायदे करून, मतदारसंघ आखताना कैद्याला त्याच्या अटकेपूर्वीच्या घरच्या पत्त्यावर धरायचे, असे ठरवले. मेरीलँडच्या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले, पण तो टिकला. त्यानंतर आणखी राज्ये त्या वाटेने गेली.

तेथल्या काळ्या लोकांना या प्रश्नाची एक जुनी आठवण आहे. १७८७ च्या अमेरिकन घटनेत गुलामांना मत नव्हते, पण प्रतिनिधींची संख्या ठरवताना प्रत्येक गुलाम तीन-पंचमांश माणूस म्हणून धरला जाई. त्या आकड्यावर मालकांच्या राज्यांना जास्त जागा मिळत. यादवी युद्धानंतर १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने ते कलम गेले. ज्याला मत नाही त्याच्या डोक्यावर दुसऱ्याने जागा मिळवायच्या, ही तक्रार तेथे त्यामुळेच इतकी झोंबते.

सिंगापूरची रीत

आपण राहतो त्या देशात हा प्रश्न त्याच रूपात उभा राहत नाही, याचे कारण येथे मतदारसंघ आखताना लोकसंख्या न पाहता मतदारांची संख्या पाहतात. मतदारयादी ओळखपत्रावरच्या पत्त्याने बनते. त्यामुळे जालान पेंजाराच्या भिंतीआड किती माणसे आहेत यावरून क्वीन्सटाउनचे वजन ठरत नव्हते. क्वीन्सटाउन हा मतदारसंघ १९५५ च्या निवडणुकीत पहिल्यांदा आला. मध्यंतरी बरीच वर्षे तो मोठ्या गट-मतदारसंघांत सामावलेला होता, आणि २०२५ च्या निवडणुकीत पुन्हा एका जागेचा स्वतंत्र मतदारसंघ झाला.

म्हणून ही पद्धत निर्दोष आहे असे नव्हे. मतदारांवर हिशोब केला की मत नसलेले सगळेच हिशोबाबाहेर जातात: लहान मुले, कायम रहिवासी, आणि एम्प्लॉयमेंट पासवर आलेली आपल्यासारखी कुटुंबे. २०२० च्या येथील जनगणनेत एकूण लोकसंख्या सुमारे ५६ लाख ८६ हजार होती आणि त्यांत नागरिक साधारण ३५ लाख. राहिलेले जवळजवळ २२ लाख लोक बसमध्ये चढतात, कर भरतात, शाळांत मुले घालतात, पण मतदारसंघाच्या गणितात येत नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१६ मध्ये नेमका हाच वाद आला होता, की डोकी मोजायची की मतदार. राज्याने सगळी डोकी मोजली तर त्यात काही चूक नाही, कारण प्रतिनिधी हा मत न देणाऱ्यांचाही असतो, असे त्या न्यायालयाने म्हटले. आम्हांला हे म्हणणे पटते. पाळण्यातल्या बाळाला मत नसते, पण त्याच्या दवाखान्याची काळजी प्रतिनिधीनेच घ्यायची असते.

मग कैद्याला कोठे धरावे?

आमचे मत असे. मोजणी दोन कामांसाठी होते आणि ती दोन कामे वेगळी ठेवावीत. पाणी, गटारे, वीज, दवाखाना यांची सोय करण्यासाठी माणूस प्रत्यक्ष जेथे आहे तेथे मोजावा. तुरुंगाला पाणी लागतेच आणि ते त्या गावच्याच नळातून येते. यासाठी जनगणनेचा नियम बरोबर आहे. परंतु प्रतिनिधी ठरवण्यासाठी माणूस तेथे धरावा, जेथे त्याचे घर आहे, जेथे त्याची बायकामुले रेशनच्या रांगेत उभी आहेत आणि जेथे सुटल्यावर तो परत जाणार आहे. मतदारयादीच्या कायद्याने १९५० मध्येच हे तत्त्व मान्य केले आहे. प्रभाग आखणाऱ्यांनी ते उचलावे एवढेच बाकी आहे.

यावर एक आक्षेप येतो, की कैद्याचा घरचा पत्ता कोण शोधत बसणार? पण तुरुंगाच्या दप्तरात प्रत्येक कैद्याचे नाव-गाव लिहिलेले असतेच. नातेवाइकांना भेटीसाठी बोलावतात, सुटकेची खबर पोलीस ठाण्याला देतात, ती त्याच पत्त्यावरून. दुसरा आक्षेप असा, की ज्याने गुन्हा केला त्याची इतकी काळजी कशाला? त्याला उत्तर असे की येथे कैद्याला काहीच मिळत नाही. मिळते किंवा जाते ते त्याच्या गावाचे. शिक्षा माणसाला झाली, त्याच्या वस्तीला नव्हे. आणि चारांतल्या तिघांना तर अजून शिक्षाही झालेली नाही.

आपल्या स्वतःच्या बाबतीत वाचकांना दोन गोष्टी सांगून ठेवतो. पहिली: जनगणनेच्या काळात जे भारतात नसतील त्यांची मोजणी तेथे होत नाही. म्हणून गावी राहणाऱ्या आईवडिलांनी आपल्याला, म्हणजे सिंगापूरला असलेल्या मुलांना, घरची माणसे म्हणून सांगू नये. आणि जे आईवडील त्या दिवसांत येथे नातवंडांजवळ येण्याचा बेत करीत असतील त्यांनी परत जाण्याच्या तारखा पाहून तिकीट काढावे, नाहीतर वर्षानुवर्षे गावात राहिलेला माणूस नेमका त्याच वेळी बाहेर असायचा. दुसरी: ज्यांचे भारतीय पारपत्र कायम आहे आणि ज्यांनी दुसरे नागरिकत्व घेतलेले नाही, त्यांना २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे पारपत्रावरच्या भारतातल्या पत्त्यावर मतदारयादीत नाव घालता येते. मत मात्र तेथे प्रत्यक्ष जाऊनच द्यावे लागते. म्हणजे आपण तेथे मतदार होऊ शकतो पण मोजले जात नाही, आणि तुरुंगातला माणूस मोजला जातो पण मत देऊ शकत नाही.

लोकसभेच्या आणि विधानसभांच्या जागांची संख्या २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. म्हणजे या खेपेची मोजणी साधी नव्हे. तिच्यावर पुढच्या कित्येक वर्षांचे राजकारण ठरू शकते. उत्तरेला जास्त, दक्षिणेला कमी, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. तुरुंगांतल्या पावणेसहा लाख माणसांना कोठे धरायचे यावर बोलणारे फारसे कोणी नाही. ज्या वाचकांचे गाव येरवडा, विसापूर, पैठण, नाशिकरोड अशा एखाद्या तुरुंगाजवळ आहे, त्यांनी घरच्यांकडून आपल्या प्रभागाची लोकसंख्या आणि मतदारसंख्या विचारून पाहावी. दोन आकड्यांत नेहमीपेक्षा फार मोठी तफावत दिसली तर त्याचे कारण भिंतीआड आहे का, हे सहज कळेल. अशी माहिती हाती आली तर मंडळाकडे जरूर पाठवा. पुढच्या अंकात ती एकत्र करून छापण्याचा आमचा विचार आहे.